न वापरलेल्या स्थितीत

विकत घेतलेली वस्तू घरी आली म्हणून लगेच आपली होत नाही. परत करायची मुदत संपेपर्यंत ती परक्याचीच असते, हा सिद्धान्त साऱ्या भूतलावर एकाच माणसाने जगून दाखवला आहे. तो माणूस माझा साडभाऊ आहे, याचा अभिमान बाळगावा की धास्ती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे बाई म्हणायचो, तिचे हे यजमान. वनखात्यात वनरक्षक म्हणून लागले, वनपाल होऊन निवृत्त झाले आणि धानोऱ्याच्या बाहेरच्या अंगाला घर बांधून राहिले. मी चंद्रपूरचा. सणावाराला, दुखण्याखुपण्याला जाणं-येणं असायचं, आणि प्रत्येक फेरीत मला त्यांचा एक तरी नवा पराक्रम ऐकायला मिळे. तो तुम्ही खुशाल हसत ऐका. फक्त हे सगळं शेवटी बाईच्या पाठीपर्यंत जाऊन पोचतं, एवढं आधीच सांगून ठेवतो.

त्यांच्या वेडाचं मूळ जंगलात होतं. वाघाने गाय-बैल मारला की भरपाईसाठी पंचनामा होतो, आणि तो होईपर्यंत मेलेल्या जनावराला हात लावायचा नसतो, जागचं हलवायचं नसतं. हलवलं की संशय, आणि संशय आला की भरपाई गेली. सारी नोकरी साडभाऊंनी हेच गावोगाव ओरडून सांगण्यात घालवली. निवृत्तीनंतर वाघ सुटले आणि खोकी आली. पार्सल आलं की ते ओसरीच्या मधोमध ठेवायचं, भोवती खडूने रेघ मारायची, आणि त्या रेघेच्या आत घरच्या मांजरालाही पाय ठेवायची मुभा नाही. मग दोन पंच बोलावायचे. एक शेजारचा किराणावाला, तो कायमचा. दुसरा त्या वेळी जो कोणी रस्त्याने जात असेल तो. मी गेलेलो असलो की मोबाइलवरचं चित्रीकरण माझ्याकडे. साडभाऊ चष्मा पुसून, घसा खाकरून जाहीर करीत, "खोकं बंद हाय. चिकटपट्टी शाबूत हाय. पंचायनं हात न लावता पाहून घ्यावं." एकदा कुकर आला आणि त्याच्या झाकणाला बारीकसा पोचा निघाला. साडभाऊ गुडघ्यांवर बसले, टेप लावून पोचा मोजला, उजेडात धरून त्याची दिशा पाहिली. किराणावाला हात जोडून म्हणाला, "भाऊ, कुकर मेला कवा म्हनता मंग? रातच्याले का पहाटे?"

"हासू नको," साडभाऊ म्हणाले, "तुह्या दुकानातला कुकर असता तं तुले बी असाच उभा केला असता."

दुसरा नियम त्याहून कडक. परत करायची वस्तू न वापरलेल्या स्थितीत असली पाहिजे. नवीन बूट आले तर ते घरात वर्तमानपत्रं अंथरून त्यांवरून चालत, बुटांचा तळ मळू नये म्हणून, आणि कागद संपला तिथे वळून परत येत. खुर्च्यांवरचं प्लास्टिक निघालेलं मी कधी पाहिलं नाही. उन्हाळ्यात त्यावरून उठताना प्रत्येक पाहुण्याचा एक विशिष्ट आवाज व्हायचा आणि साडभाऊ मुद्दाम खिडकीबाहेर बघायचे. पुतण्याच्या लग्नाला त्यांनी नवा सदरा घातला तो लेबलासकट. कॉलरच्या आत दडवलेलं ते लेबल ऐन मंगलाष्टकांत बाहेर लोंबलं आणि मागच्या रांगेतल्या बायका त्यावरची किंमत वाचू लागल्या. बाईने ते बोटाने आत ढकललं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "माह्या लग्नाले अशी मुदत असती ना, तं हा माणूस मले घेऊन माह्या बापाच्या दारात उभा राह्यला असता."

साडभाऊ शांतपणे म्हणाले, "गेलो असतो. पन तुह्या बापानं पावतीच नाई देल्ली."

बाई इतकी हसली की तिला खाली बसवावं लागलं. त्या दोघांचा संसार असा चालायचा. ते जगाला खोक्यात बंद ठेवायचे आणि ती जाता-येता त्या खोक्यावर टिचकी मारायची.

पण ते कंजूष नव्हते, हेही सांगायला हवं. धानोऱ्यात कुणाला एका पायाची चप्पल आली, कुणाला फाटकी छत्री आली, तर लोक त्यांच्याकडे यायचे आणि ते आपल्या फोनवरून कंपनीशी तासन् तास भांडून द्यायचे. अडचण एकच. आमच्या जंगलपट्टीत माल येतो, पण परत न्यायला कोणी येत नाही. "आपल्या पिनकोडवर ही सोय नाही," असं तिकडची मुलगी गोड आवाजात सांगायची. साडभाऊंचा पारा चढे. "मॅडम, आनून देनाऱ्याले माहं घर सापडते अन् नेनाऱ्याले नाई सापडत? रस्ता तं एकच हाय जी! येतानी उतार अन् जातानी डोंगर लागते का?" मग ती मुलगी वरच्या साहेबाला फोन देई, साहेब त्याच्या वरच्याला, आणि अखेर कोणीतरी कंटाळून माणूस पाठवी. "वस्तूचं काई नाई," ते मला सांगायचे. "जंगलातला माणूस हाय, गुमान ठेवून घेईन, असं ह्यायले वाटते. थेच मले ह्यायले वाटू द्याचं नाई."

मग बाईला लकवा झाला. उजवा हात, उजवा पाय आणि अर्धं तोंड गेलं. गडचिरोलीच्या दवाखान्यात महिनाभर ठेवून त्यांनी घरी पाठवलं. माझी बायको बहिणीजवळ राहायला गेली. काही दिवसांनी तिचा फोन आला. बाईच्या कमरेखाली मोठा लाल चट्टा उठला आहे, आणि डॉक्टर म्हणतात, कातडी फुटायच्या आत पाठीखाली हवेची गादी घाला. एकदा जखम झाली तर ती भरून येणं कठीण.

साडभाऊंनी त्याच संध्याकाळी गादी मागवली. ती आली तेव्हा मीही पोचलो होतो. खोकं ओसरीवर न ठेवता बाईच्या खाटेशेजारी ठेवलं होतं. तिला बघता यावं म्हणून. रेघ आखली, पंच आले, मी मोबाइल धरला. आडव्या नळ्यांची ती गादी; पंप लावला की एकाआड एक नळ्या फुगतात आणि उतरतात, म्हणजे अंगाचा भार एका जागी राहत नाही. नळ्या फुगू लागल्या, आम्ही सगळे खूश झालो, आणि एका बाजूने फुस्स असा आवाज आला. साडभाऊ कान लावून त्या आवाजामागे रांगत गेले. "सापडलं!" ते ओरडले. जोडावर नखाएवढी चीर होती. त्यांचा चेहरा असा उजळला की जणू धुळीत वाघाचं ताजं पाऊल दिसलं. मी तो आनंद चित्रित केला. मागे खाटेवर बाई होती, तीही त्या चित्रीकरणात आली आहे. ती गादीकडे बघत होती.

गादी पुन्हा खोक्यात गेली. कंपनीचं म्हणणं असं की ही अंगाखाली घ्यायची वस्तू आहे; एकदा रोग्याखाली घातली तर परत घेणार नाही. न वापरलेल्या स्थितीत द्या, मग दुसरी पाठवू. साडभाऊ फोनवर कायदा सांगत होते. "नापसंत वस्तू येगळी अन् फुटकी वस्तू येगळी, मॅडम. फुटकी वापस घेनं तुमाले लागू हाय." तिकडून उत्तर यायचं, उद्या माणूस येईल. उद्या यायचा, माणूस नाही. खोकं खाटेच्या पायथ्याशी चिकटपट्टी लावून उभं, आणि बाई कापसाच्या गादीवर.

आठवड्याने मी परत गेलो तर दारातच वास आला. तो वास मी वर्णन करणार नाही. माझी बायको न्हाणीच्या दाराशी साडभाऊंशी भांडत होती.

"भाऊजी, जखम पाह्यली का तुमी? अंदर बोट जाते!"

"पाह्यली."

"मंग काऊन नाई आथरत ते गादी? अर्धी तं फुगते!"

"एकदा आथरली तं आपली बाजू गेली," ते म्हणाले. "मंग फुटकीच राह्यते बाईजवळ, जलमभर. नवी आली तं पुरी फुगन. उद्या येतो म्हनला तो मानूस."

मी कुणाची बाजू घ्यावी? खरं सांगायचं तर त्यांचं बोलणं मला पटतही होतं. नियमाला धरून चालणाऱ्या माणसाचं बोलणं नेहमीच पटतं.

जखम धुवायची वेळ झाली. साडभाऊ कोमट पाणी आणि कापूस घेऊन खाटेशी बसले, बाईला कुशीवर केलं आणि हात पुढे केला. बाईचं बोलणं तेव्हा फार थोडं उरलं होतं. एकेक शब्द ती अर्ध्या तोंडाने ढकलून बाहेर काढायची. तिने डावा हात मागे नेऊन त्यांचं मनगट धरलं.

"हात... नोका लावू," ती म्हणाली. "पंच... येऊ द्या."

तिच्या चांगल्या अर्ध्या चेहऱ्यावर हसू होतं. ती नेहमीसारखी त्यांच्या खोक्यावर टिचकी मारत होती. पण या वेळी कुणी हसलं नाही. साडभाऊंनी मनगट हलकेच सोडवून घेतलं. मग त्यांनी जखम धुतली, पट्टी बांधली, उठले आणि विळीच्या पात्याने ते खोकं उभं फाडलं. पंच नाहीत, रेघ नाही, मी सवयीने मोबाइल काढला तर म्हणाले, "ठेवा तो तिकडं." ओल्या जंगलातल्या मुक्कामांवर त्यांनी जन्मभर ताडपत्र्या सांधल्या होत्या. चीर खरवडली, ठिगळ चिकटवलं, वर पाटा ठेवून त्यावर स्वतः बसले. दुपारनंतर बाई त्या गादीवर होती.

दुसऱ्या दिवशी गादी न्यायला माणूस आला. मी आजवर पुष्कळ नाटकं पाहिली, पण इतक्या चुकीच्या वेळी कुणी रंगमंचावर आलेलं पाहिलं नाही. साडभाऊंनी त्याला आत बोलावून पाणी दिलं.

"गादी नाई नेता येत तुमाले. वापरून राह्यली ते."

"क्यान्सल टाकू का मंग, काका? कारन काय टाकू?"

साडभाऊंनी विचार केला. "टाका," म्हणाले, "गिऱ्हाईकाची चूक."

जखम भरली नाही. थोडी सुकायची, पुन्हा ओलावायची. भाताची रोवणी सुरू व्हायच्या सुमारास बाई गेली. डॉक्टर म्हणाले की लकव्याचा दुसरा झटका होता, जखमेने नव्हे. साडभाऊंनी ते दोनदा विचारून घेतलं आणि मान हलवली. पटलं असं मला वाटलं नाही.

गेल्या थंडीत मी धानोऱ्याला गेलो. आम्ही अंगणात चहा घेत होतो तेवढ्यात पलीकडच्या घरातली सून एक पार्सल घेऊन आली. सासूसाठी स्वेटर मागवलं होतं, तपकिरी. आलं ते भडक गुलाबी.

"भाऊ, वापस करून द्या जी. तुमी फोन केला का येते मानूस."

साडभाऊंनी स्वेटर हातात घेतलं, आतून-बाहेरून पाहिलं. "फाटलं तं नाई कुठी. म्हातारीले थंडी वाजून राह्यली का?"

"वाजते ना जी. रोज सकाळी शेकोटीत शिरून बसते."

"मंग घाल तिले. आत्ता जाऊन घाल. वापस कराचं मंग पाहू."

"पन हा रंग, भाऊ?"

"जाय तू."

ती गेली. थोड्या वेळाने कुंपणापलीकडून म्हातारीचा आवाज उठला, "अवं, मी काय नवरी हावो का? हा कोन्ता रंग आनला वं! लोक काय म्हनतीन मले?" सून समजावत होती आणि म्हातारी ऐकत नव्हती, रंगाला, सुनेला, मोबाइलला, आख्ख्या जगाला नावं ठेवत होती. साडभाऊ कप खाली ठेवून उठले, कुंपणाशी जाऊन उभे राहिले. म्हातारीचं कुरकुरणं थांबेपर्यंत ते तिथेच उभे राहून ऐकत होते. त्यांचा चहा निवून गेला. तो बदलून आणावा, असं मला काही सुचलं नाही.