तळाचा क्लब आणि आत्याबाई

दर शनिवारी संध्याकाळी मी स्कॉटलंडमधला फुटबॉल बघते, आणि तो बघण्याचा मला पगार मिळतो. हे कुणाला पटत नाही. नातेवाइकांना तर मी सांगणंच सोडून दिलंय. "कम्प्युटरचं काम करते" एवढ्यावर लग्नकार्यात भागतं.

काम साधं आहे. सामना स्क्रीनवर थेट चालू असतो आणि मैदानात जे होईल त्याचं बटण मी दाबायचं. पास दिला, एक बटण. फाऊल झाला, दुसरं. कॉर्नर, गोल, सगळ्यांची बटणं ठरलेली. मी दाबेपर्यंत आमच्या कंपनीच्या दृष्टीनं ती गोष्ट घडलेलीच नसते. मोठे सामने मोठ्या शहरांतली पोरं करतात. माझ्या वाट्याला आली ती स्कॉटलंडच्या एका कोपऱ्यातली, बरीच खालच्या पायरीवरची लीग. तिथं कॅमेरा एकच. वारा आला की तो हलतो, पाऊस आला की काचेवर थेंब बसतात आणि कुणाची तरी बाही येऊन ते पुसून जाते. बॉल कुंपणापलीकडं गेला तर शेजारच्या मेंढ्यांच्या कुरणातून आणावा लागतो, तोवर सगळे कमरेवर हात ठेवून उभे.

मुकुंदवाडीच्या आमच्या फ्लॅटमध्ये हे काम मी कित्येक वर्षं एकटीनंच केलं. नवरा शनिवारी दुसऱ्या पाळीला. परवाच्या दिवाळीनंतर मात्र सासूबाई आमच्याकडं राहायला आल्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्या फर्दापूरजवळच्या गावात एकट्या राहतात. अंगणात पाय घसरून पडल्या, मनगट मोडलं, आणि शेजारीण येईपर्यंत तशाच पडून राहिल्या. प्लास्टर घातलेला हात घेऊन त्या आल्या तेव्हाच त्यांनी दारात सांगून टाकलं, "हात जुळला की मी चालले."

पंधरा वर्षांच्या संसारात आमचं बोलणं लोणचं, पापड आणि "पोराची तब्येत कशी" यापलीकडं गेलं नव्हतं. पहिल्याच शनिवारी त्या खुर्ची ओढून माझ्या मागं बसल्या.

"काय करू राह्यली गं तू?"

मी सांगितलं. हे मला घरात आजवर कुणी विचारलंच नव्हतं. नवऱ्यानंही नाही. त्याला फक्त पगार कधी होतो ते माहीत.

"माय! एवढ्या थंडीत अर्ध्या चड्ड्या? आन् ह्यांच्या बायका काय म्हणत नसतील का?"

मला हसू आलं आणि एक पास नोंदवायचा राहिला.

आत्याबाईंना या लोकांचं नवल नव्हतं. फर्दापूरच्या स्टॉपवर त्यांनी उमेदीत लेणी बघायला आलेल्या गोऱ्यांना सीताफळं विकली होती. "ते आपल्याकडं दगडं बघाया यायचे," त्या म्हणाल्या, "आता आपण बसल्या जागी त्यांचं वावर पाहू राह्यलो." त्यांचे प्रश्न मात्र संपायचे नाहीत. हे पोटाला काय करतात? मी शोधून सांगितलं की कुणी वायरमन आहे, कुणी मास्तर, कुणी मासळीच्या कारखान्यात, आणि खेळतात शनिवारचे. मध्यंतर झालं की कठड्यापाशी उभी असलेली माणसं चालायला लागतात, ती कुठं जातात? हे इतकी वर्षं मी बघत होते आणि मला हा प्रश्न कधी पडला नव्हता. दोन शनिवार आम्ही त्यावर डोकं लावलं. शेवटी आत्याबाईंनीच छडा लावला. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, म्हणून प्रेक्षकही मैदानाला वळसा घालून पलीकडं जातात. आपली पोरं जिकडं गोल करणार, तिकडंच आपण उभं राहायचं.

"आन् नाय झाला गोल तर?"

"तरी जातात."

"शहाणी माणसं हायेत," त्या म्हणाल्या.

आमचा क्लब कुठला हे त्यांनीच ठरवलं. पिवळ्या शर्टांचा, गुणतक्त्यात सगळ्यात तळाला असलेला. माझ्या कामात बाजू घेणं बसत नाही, हे मी त्यांना बजावलं. "तू नको घेऊ, मी घेते," असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. पिवळ्यांचा गोलकीपर बॉल हातातून सोडायचा तेव्हा त्या सरळ त्याच्या आईशी बोलायच्या, "बाई, काय खाऊ घातलं गं ह्याला?"

जानेवारीत प्लास्टर निघालं आणि त्यांनी पिशवी काढली. पुन्हा त्या अंगणात पडल्या तर, ही भीती होतीच. पण खरं सांगायचं तर मला त्या हव्या होत्या. घरात कुणीतरी माझ्याकडं बघत होतं, माझ्या कामाबद्दल विचारत होतं, आणि मला त्याची चटक लागली होती. नवऱ्यानं समजावून पाहिलं, तर "दाराला कुलूप लागलं की घर रुसतं" एवढंच उत्तर. वावर बटईनं दुसऱ्याला कसायला दिलेलं असलं तरी त्यांना ते रोज डोळ्यांनी बघायचं होतं. मला दुसरं काही सुचेना, म्हणून म्हणाले, "अहो, पण लीग संपेपर्यंत पिवळ्यांचं काय होतं ते तरी बघून जा."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. "बरं. खेळ संपेस्तवर. मंग एक दिस बी नाय."

तेव्हापासून मी, एप्रिलमध्ये कूलरपुढून न हलणारी बाई, स्कॉटलंडमध्ये बर्फ पडावा म्हणून देवाला विनवू लागले. तिकडं मैदान गोठलं की सामना रद्द होतो. पंच सकाळीच येतो, बुटाची टाच जमिनीत दाबून बघतो, आणि टाच रुतली नाही तर खेळ पुढं ढकलतो. हे ऐकून आत्याबाईंनी मान डोलावली. "वाफसा नाय म्हण की."

आमच्याकडं पेरणीआधी जमिनीत जी नेमकी ओल लागते, तो वाफसा. तो तिकडं सारखाच नसायचा. राहिलेले सामने साचत गेले, शेवटचा शनिवार पुढं पुढं सरकत गेला. आत्याबाई हळहळायच्या, मी तोंड पाडून "काय करणार?" म्हणायचे आणि स्वयंपाकघरात जाऊन हसायचे.

पण एप्रिल संपता संपता शेवटचा सामना आलाच. पिवळ्यांना बरोबरी पुरेशी होती. हरले तर तळाला राहणार, आणि मग खालच्या लीगच्या विजेत्याशी आणखी दोन सामने. तेही हरले तर लीगमधूनच बाहेर. हे मी आत्याबाईंना नीट समजावलं, आणि समजावता समजावता माझ्या ध्यानात आलं की पिवळे हरले तर आत्याबाई अजून दोन शनिवार माझ्या मागं बसतील.

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "मंग तू कोणाकडून हायेस आज?"

"मी कोणाकडून नसते. मला त्याचाच पगार आहे."

"व्हय का," त्या म्हणाल्या.

मध्यंतराआधीच पिवळ्यांवर एक गोल झाला. मी बटण दाबलं, आणि मला बरं वाटलं. लाज वाटली, पण बरंही वाटलं. कठड्यापाशीची माणसं नेहमीसारखी वळसा घालून पलीकडं गेली. आत्याबाई खुर्चीच्या कडेवर येऊन बसल्या होत्या, जुळलेल्या हातानं माझ्या खुर्चीची पाठ धरून. वेळ सरत चालली. पिवळे धडपडत होते, पडत होते, उठत होते, आणि मला त्यांची दया येऊ लागली. अगदी शेवटाला त्यांना कॉर्नर मिळाला. गोलकीपरसुद्धा आपला गोल सोडून पुढं पळत आला. "हा कुठं चालला?" आत्याबाई ओरडल्या. बॉल आत आला, पायांच्या गर्दीत दिसेनासा झाला, आणि मग जाळं हललं. पलीकडं उभी असलेली सगळी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली.

माझं बोट बटणावर होतं. ते खाली जाईना.

आत्याबाई स्क्रीनकडं बघत नव्हत्या. माझ्या हाताकडं बघत होत्या. ओरडणं थांबवून त्या हळूच म्हणाल्या, "दाब की माय. झालाय तो."

मी दाबलं. एकास एक. थोड्या वेळानं पंचानं शेवटची शिट्टी वाजवली, मी तीही नोंदवली, आणि मला रडूच आलं.

"रडतीस काय येडे? वाचले की पोरं!"

"वाचले," मी म्हणाले, आणि त्यांच्या साड्यांच्या घड्या घालायला उठले.