आज राहते का जाते

फोन वाजला की ती आधी दोन्ही तळहात ओढणीला पुसायची. मग मला विचारायची, "मावशी, आज राहते का जाते?" आणि उचलायची.

ती कंधारची. लातुरात खोली करून राहायची, डबा माझा. पुण्याच्या एका कंपनीचं डेटा सायन्सचं काम खोलीतूनच करायची. वडिलांनी बजावलं होतं, वर्षात नोकरीत पक्की झाली नाहीस तर घरी यायचं. स्थळ बघून ठेवलंय.

मी फारशी बोलत नाही. एकदा धीर करून विचारलं, काम काय असतं?

"आधी आकडे निवडायचे, मग मांडायचे. मग उद्या बाजारात तूर किती येईल ते सांगायचं. उद्याचं सांगणाऱ्याला पगार लई, मावशी."

"म्हणजे निवडणारीला कमी अन् ज्योतिषाला जास्त?"

ती खळखळून हसली. तेवढ्यात फोन वाजला. हसू तिथंच विरलं. अशा मुली तुम्हीही बघितल्या असतील, घास गिळतानाही घाबरणाऱ्या.

वेळ अमावस्येला, शेतात पूजा करून तिथंच जेवायच्या सणाला, आमचं गाव ओस पडतं. बाजार बंद, माणसं शेतात. मी शेतातून तिच्यासाठी सणाची भज्जी आणि आंबील घेऊन आले, तर ती भिंतीला टेकून बसलेली. तिच्या मशीननं आज भरपूर तूर येणार म्हणून सांगितलं होतं. त्या भरवशावर कंपनीच्या गाड्या येऊन रिकाम्या बाजारात उभ्या होत्या.

"सणाची तारीख दरसाल बदलती, मशीनला कळली न्हाई. पण मला? लहानपणापासून हीच भज्जी खाल्ली की मी!"

फोन वाजला. या वेळी तिनं हात पुसले नाहीत. नुसतं ऐकलं.

"गेले, मावशी."

स्टँडवर सोडायला मीच गेले. कंधारची गाडी लागली आणि वडिलांचा फोन आला. तिनं फोन माझ्यापुढं धरला. "तुम्ही घ्या ना. मला बोलवंना."

परक्या पुरुषाशी मी कधी फोनवर बोललेली नाही. तरी घेतला.

"दादा, पोरगी निघालीय. आल्याबरोबर जेवायला वाढा. आज दुसरं काही इचारू नका."

पलीकडून एवढाच होकार आला, "हाव."

गाडी गेली. तो "हाव" रागाचा होता का मायेचा, मला अजून कळलेलं नाही. तिचा फोन लागत नाही. माझा वाजला की आता मी आधी तळहात पदराला पुसते.