क्वार्टर बदललं, सामान तेच

हे गेल्याची बातमी मला कोणी दिली नाही, ती मीच सगळ्यांना दिली. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून एकेक नंबर लावत गेले आणि प्रत्येकाला तेच वाक्य सांगितलं. त्या गडबडीत रडायचं राहूनच गेलं. चौदावा झाला, पाहुणे पांगले, मुलगी बेंगळुरूला परत गेली. मग एका सकाळी यांच्या टेबलाशी बसून मी कॉम्प्युटरचं बटण दाबलं, तर काळा पडदा आणि त्यावर पांढऱ्या दोन ओळी. पुढे काहीच नाही. यांना दवाखान्यात नेलं त्या दिवशी त्यावर अपडेट सुरू होतं आणि मधेच लाइट गेली होती. तेव्हा कोणाला भान असणार त्याचं...

आमचे हे, म्हणजे प्रभाकरराव, जन्मभर फॅक्टरीत मशिनींवर होते. रिटायर झाल्यावर फॅक्टरीचं क्वार्टर सोडून आम्ही विजय नगरला आलो आणि यांना लिनक्सचं, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या एका फुकट सिस्टिमचं, वेड लागलं. ओळखीपाळखीच्यांचे भंगारात निघालेले कॉम्प्युटर घरी आणायचे, त्यांत लिनक्स घालायचे आणि चालते करून परत द्यायचे. ते घालताना कॉम्प्युटर सुरुवातीलाच विचारतो, सगळी डिस्क पुसून आपोआप करू, की तुम्ही स्वतः हिस्से पाडता? आपोआप म्हटलं की यांचं डोकं फिरायचं. स्वतःच पाडायचे हिस्से, माप घेऊन, एकेक. मी एकदा म्हटलं, "काहून एवढा खटाटोप? एक बटण दाबलं की होते ना सगळं."

"अगं, आपण किती क्वार्टरं बदलली?" हे म्हणाले. "क्वार्टर फॅक्टरीचं, सामान आपलं. फायली म्हणजे सामान, सिस्टिम म्हणजे क्वार्टर. बिघडली, तर दुसरी घ्या. सामानाचा हिस्सा वेगळा ठेवला, की त्याला कोणी हात लावत नाही." एवढ्यावर थांबते तर हे कसले. मला खुर्चीत बसवलं, माउस हातात दिला आणि स्वतः हाताची घडी घालून मागे उभे राहिले. कणीक तिंबायची सोडून मला तिथे बसावं लागलं, म्हणून मी चांगलीच करवादले होते. पण केलं. आमच्या संसारात माझी चिडचिड आणि यांचा हट्ट, दोघंही सुखाने नांदली.

आता त्या बंद डब्यात होतं काय, तर यांचा आवाज. नात ईरा बेंगळुरूला वाढते आहे. तिला मराठी सगळं समजते, पण बोलते हिंदी. तिच्या वाढदिवसाला द्यायची म्हणून हे एक लांबलचक गोष्ट रेकॉर्ड करून राहिले होते, फॅक्टरीच्या भोंग्यावर बसणाऱ्या एका माकडाची. पूर्ण झाल्यावर एकदमच पाठवीन म्हणायचे, त्यामुळे एक तुकडाही कोणाकडे गेलेला नव्हता. डबा उचलून दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, "आंटीजी, सब फॉर्मेट करना पड़ेगा. डेटा भूल जाइए."

"भैया, सामान का हिस्सा अलग है," मी म्हटलं. मी डबा ऑटोत घातला आणि घरी आणला. मुलीला फोनवर सांगितलं तर ती घाबरली. "आई, उडालं तर परत नाही मिळायचं. राहू दे, मी दिवाळीत येते ना."

"दिवाळीत येऊन तू काय वेगळं करशील? मी करून राहिले, तू फोन ठेव."

यांच्या ड्रॉवरमधला लिनक्सचा पेन ड्राइव्ह लावला. पडद्यावर पहिलाच प्रश्न तो, सगळं पुसू का? नाही, बाबा. स्वतः करीन. हिस्स्यांचा तक्ता समोर आला. लहान हिस्सा सिस्टिमचा, त्याच्यापुढे पुसण्याची खूण केली. मोठा हिस्सा सामानाचा, त्याला फक्त सांगितलं की तुझी जागा हीच, आणि खुणेचा चौकोन कोरा ठेवला. कोरा आहे ना, ते चष्मा पुसून पुन्हा पुन्हा पाहिलं. मग बटण दाबलं.

सगळं नीट झालं. मग कॉम्प्युटरने नाव विचारलं, मी माझं दिलं, सुनंदा. पडदा उजळला, आणि आत काही नाही. एक फाइल नाही, एक फोटो नाही, नव्या क्वार्टरसारखा स्वच्छ. मी यांच्या रिकाम्या खुर्चीवर ओरडले. शिकवायचं तर पुरतं शिकवून जायचं होतं, म्हटलं. आणि इतके दिवस न आलेलं रडू तेव्हा आलं. पोटभर रडले. मग डोळे पुसले आणि विचार केला, पुसलं तर मी नव्हतंच, मग जाईल कुठे? त्या रिकाम्या फोल्डरातून एक पायरी वर जाऊन पाहिलं. तिथे शेजारी शेजारी दोन फोल्डर होते, एक माझ्या नावाचा, एक यांच्या. नाव माझं दिलं म्हणून त्याने मला वेगळी खोली काढून दिली होती, एवढंच.

यांची खोली उघडली. माकड होतं, भोंगा होता, यांचं ते मधेच घसा खाकरणं होतं. आणि शेवटी, लांबून, माझाच आवाज. "अहो, पोळ्या गार होऊन राहिल्या, येता की नाही?" हे हसले. "ईरा, आजी बोलावून राहिली. चलो, उरलेलं उद्या." दुसरं ऐकलं, तिसरं ऐकलं. सगळी तशीच. एकही रेकॉर्डिंग यांनी आपणहून संपवलेलं नाही.

त्याच दिवशी सगळी ईराला पाठवली. तिचा फोन आला, "आजी, फिर क्या हुआ?" माकड भोंग्यावर चढलेलं आणि भोंगा वाजायच्या बेतात, तिथेच गोष्ट अडली होती. मला तरी काय माहीत पुढे काय. पण अर्धी ठेवायची नाही, हे मी ठरवलं. खुर्ची ओढली, यांचा माइक जवळ घेतला आणि सुरू केलं. माकडाला भोंग्यावरून उतरवलं, साहेबाच्या बंगल्यात घुसवलं, तिथून बाहेरही काढलं. थांबायचं कुठे, ते मात्र कळेना. जेवायला चला म्हणून मागून हाक मारणारं कोणी नव्हतं, म्हणून मी सांगतच राहिले.