भरीत म्हणजे भारत नव्हे

अमळनेरजवळच्या आमच्या प्राथमिक शाळेत आहार शिकवणारा टॅबलेट आला, तेव्हा मला झालेला आनंद मधल्या सुट्टीपर्यंतही टिकला नाही. मुलांनी काय खाल्लं ते बोलून सांगायचं, की पडद्यावरची हसरी बाई त्यातून शरीराला काय मिळालं ते सांगणार, अशी त्यात सोय होती. दुसरीतल्या एका पोरीने ऐटीत सांगितलं, "वांगानं भरीत."

बाई म्हणाली, "भारत हा कृषिप्रधान देश आहे."

वर्ग खो खो हसला. मला काही हसू आलं नाही. टॅबलेट धुळ्याच्या एका संस्थेने सहामाहीपुरताच दिला होता. मुलांना तो वापरता आला तर शाळेचा, नाहीतर धुळ्याला परत. आणि मला तो हवाच होता. आमची पोरं डब्यात कळण्याची भाकरी आणत, ती काळपट दिसते म्हणून झाकणाआड लपवून खात आणि दुकानातल्या पिवळ्या नळ्यांची पुडी मात्र मिरवत. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली ती भाकरी किती गुणाची, हे सांगून माझा घसा बसला होता. पण पिकतं तिथं विकत नाही. निदान पडद्यावरच्या बाईचं तरी ऐकतील, असं मला वाटलं होतं.

त्या बाईला ठाऊक होती ब्रोकोली. तिचं चित्र पाहून एकाने विचारलं, "मॅडम, हाई कोबीनं पिल्लू शे का?"

आठवडाभर मुलं घरची बोली सोडून शुद्ध बोलायची धडपड करत राहिली आणि बाई "कृपया पुन्हा बोला" म्हणत राहिली. पालथ्या घड्यावर पाणी! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. शेवटी त्याच पोरीने निकाल दिला, "मॅडम, याले काहीच येत नही. याले पहिलीमा बसाडा."

बसवलं! त्यात नवा पदार्थ शिकवायची सोय होती. फोटो काढायचा, माहिती भरायची, मग नाव वेगवेगळ्या आवाजांत पुन्हा पुन्हा म्हणायचं. माहिती मी भरली, गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून तपासून घेतली. बाकीचे मास्तर म्हणजे ही पोरं; नावं त्यांनी म्हटली ती आपल्या घरच्या बोलीत. फोटोसाठी डबे उघडावेच लागले. आणि ज्या दिवशी पडद्यावरची बाई म्हणाली, "कळण्याची भाकरी! धान्य आणि डाळ एकत्र, शाब्बास!" त्या दिवशी भाकरीवाल्यांनी डबे डोक्यावर धरून मैदानाला फेरी मारली. पुडीवाल्यांनी आपल्या पुड्या दप्तरात कोंबल्या.

तपासणी अमळनेरला भरल्या सभागृहात झाली. धुळ्याहून संस्थेचे साहेब आले होते. आमच्या पोरीने भरीत सांगितलं, बाईने बिनचूक ओळखलं. साहेबांना शंका आली. "पाठ करून आणलंय वाटतं. थांबा, मीच बोलतो." समोरचा डबा पाहून ते स्वच्छ आवाजात म्हणाले, "कळण्याची भाकरी."

"कृपया पुन्हा बोला."

ते पुन्हा बोलले, अगदी एकेक अक्षर सुटं करून. बाईचं तेच उत्तर. गेला टॅबलेट, म्हटलं.

तेवढ्यात पोरगी म्हणाली, "साहेब, तसं नही. कयनानी भाकर म्हना."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "कयनानी भाकर." ते असं अस्सल उमटलं, की त्यांच्या घरी काय बोलतात ते मला तिथेच कळलं.

"शाब्बास!" बाई म्हणाली. टाळ्यांनी छत दणाणलं. त्या क्षणी मला माझ्या वर्गाचा इतका अभिमान वाटला, की डोळे पुसायचंही सुचलं नाही.

"राहू द्या हा तुमच्याकडेच," साहेब मला म्हणाले. "याला आता दुसरीकडे करमायचं नाही." मग भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकत ते पोरीकडे वळले. "आखो काय काय शिकाडं याले?"

पोरगी सांगू लागली आणि साहेब खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.