सांध्यातली वाळू

आयुष्यात मला रेल्वेत एकदाच बढती मिळाली, तीही खोटं बोलून.

मस्कतजवळ बरक्याच्या पुढे एका ओमानी गृहस्थाची खजुराची बाग आहे. आपल्याकडच्या एका बंद साखर कारखान्याचं जुनं नॅरोगेज इंजिन आणि तीन डबे त्याने जहाजाने आणवले, बागेभोवती रूळ टाकले. हिवाळ्यात दर शुक्रवारी ती गाडी आम्ही हौशी मंडळी चालवतो. पगार नाही, दुपारी अर्बाबकडे, म्हणजे बागेच्या मालकाकडे, भात-मटण.

इंजिन चालवायचे चाचा. मूळचे रत्नागिरीचे; उभी हयात मत्रहच्या बाजारात शिलाई मशीन दुरुस्त करण्यात गेलेली. गंजलेलं इंजिन त्यांनीच बोलतं केलं. मी मस्कतच्या अल् घुब्रा भागात राहणारा, ऑफिसातला एक्सेलवाला. म्हणून मला मिळाला झाडू. रुळाला जिथे फाटा फुटतो त्या सांध्यात वाऱ्याने वाळू भरते. पहिल्या फेरीआधी ती झाडली नाही, तर सांध्याची सरकती पट्टी पुरती बसत नाही आणि चाकं रुळावरून उतरतात.

दोन हिवाळ्यांपूर्वी एका शुक्रवारी मी झाडली नाही. नवी पांढरी पँट होती, गुडघे टेकायचं जिवावर आलं. हिरवा झेंडा धरून पुण्याच्या वर्गमित्रांसाठी सेल्फी मात्र काढला. मागून चाचांचं इंजिन आलं आणि मुकाट वाळूत उतरलं. कुणाला लागलं नाही.

अर्बाब धावत आला. "क्या हुआ?"

"स्पीड जरा जास्ती था," मी म्हणालो.

चाचांनी माझ्या पँटच्या स्वच्छ गुडघ्यांकडे पाहिलं. मग चाकाखालची वाळू उपसायला वाकले.

पुढच्या शुक्रवारपासून अर्बाबने इंजिन माझ्याकडे दिलं, झाडू त्यांच्याकडे. मी इतकं जपून चालवायचो की बागेतल्या शेळ्या पुढे निघून जायच्या. पण गाडी पुन्हा कधी उतरली नाही, आणि लोक माझ्या हाताची तारीफ करत. मी ती घेतही होतो. चाचा कमरेवर हात ठेवून सांध्यापाशी उभे असत.

या हिवाळ्यात एका सकाळी ते म्हणाले, "साहेब, आजचा दिवस, मग खलास. कायमचा गावाला चाललो. एक फेरी द्याल काय मला?"

त्यांनीच जिवंत केलेलं इंजिन, आणि मागत होते माझ्याकडे.

दुपारी जेवताना सगळ्यांसमोर सांगून टाकलं. पँटसकट. अर्बाबने हातातला घास ताटात ठेवला. "दो साल?" एवढंच म्हणाला, आणि माझ्याकडची चावी काढून चाचांना दिली.

"चाचा, माफ करा."

"माफ तेव्हाच केलंय. झाडू घ्या."

दुपारच्या फेरीआधी मी गुडघे टेकून घाम येईस्तोवर झाडलं. चाचांनी सांध्याच्या अलीकडेच गाडी थांबवली, कंबर धरत खाली उतरले, फटीत बोट फिरवलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. बोटाला वाळू होती.

"साहेब, परत."

तिन्ही डबे खिडकीतून बघत होते. मी पुन्हा गुडघे टेकले.