मोठ्यानं न वाचलेलं पान

लग्न होऊन दोन महिने झाले असतील, तेवढ्यात सीमेवर लढाई पेटली. नवरा फौजेत, लग्नाची रजा संपताच तो निघून गेला होता. मी सुरतेला, उधन्याच्या दोन खोल्यांत सासू-सासऱ्यांजवळ राहिले. सासरे कापडाच्या लूमवर बारा तास उभे असत. दोघांनाही अक्षरओळख नव्हती, म्हणून पत्र आलं की शेजारचे काका वाचून दाखवत. त्यांचा आवाज इतका खणखणीत, की अर्धी चाळ आमच्या दारात येऊन ऐके.

नवऱ्याला हे ठाऊक होतं. त्यामुळे माझ्या वाट्याला पत्रात एकच वाक्य यायचं : 'घरातल्या सर्वांनी तब्येतीला जपावे.' त्या सर्वांत मीही आहे, अशी मी मनाची समजूत घालायची.

मग रेल्वेत असलेल्या काकांची दुसऱ्या गावी बदली झाली. पुढचं पाकीट सासूबाईंनी माझ्या हातात ठेवलं.

"तुले येस ना वाचता?"

थंडी फार आहे, जेवण वेळेवर मिळतं, काळजी करू नये, एवढंच होतं. लढाईचा शब्दही नव्हता. सासूबाईंनी दोनदा वाचायला लावलं. उत्तर त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. शेवटी कुणाला न सांगता माझी एक ओळ घातली : 'काकांची बदली झाली. आता पत्रं मी वाचते.'

त्यानंतर बावीस दिवस काहीच आलं नाही. पोस्टमनच्या वेळेला सासूबाई हातातलं काम टाकून उंबऱ्यात बसायच्या. सासऱ्यांनी शेजारी बातम्या बघायला जाणं बंद केलं.

आणि एका शनिवारी जाडजूड पाकीट आलं. पहिलं पान मी भराभर वाचलं; तो सुखरूप होता. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मी दुसरं पान उलगडलं. वरच लिहिलं होतं : 'हे मोठ्यानं वाचू नकोस.'

खाली लिहिलं होतं, 'परवा आमच्यातला एक जण गेला. आईला कळू देऊ नकोस, पण कुणाला तरी सांगायचं होतं. तू पोहे करताना काहीतरी गुणगुणत होतीस. डोंगर चढताना ती चाल आठवतो, पण अर्ध्यावरच अडते. पुढचं लिहून पाठव.'

"का थांबनी वं?" सासूबाई म्हणाल्या.

"अक्षर लागत नाही, आई."

"जेवढं लागी तेवढं वाच."

"इथली हवा चांगली आहे," मी म्हटलं. "सफरचंदं खातो."

त्यांनी पानाकडे पाहिलं. ते दोन्ही बाजूंनी गच्च भरलेलं होतं. "इतलं लिखेल शे, अन् सफरचंदंच?"

"ऱ्हाऊ दे वं," सासरे म्हणाले. "मले पानी दे."

संध्याकाळी उत्तर लिहायला बसलो. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. नेहमीचं सगळं सांगून झाल्यावर मान वर न करता म्हणाल्या, "अजून लिख. वहूना नावनं येगळं पाकीट धाडत जाय."

माझे कान तापले. पण लिहिलं, अगदी त्यांच्याच शब्दांत. आणि त्याखाली ते गाणंही पूर्ण लिहिलं.

तेव्हापासून दोन पाकिटं येऊ लागली. माझं पाकीट आलं की सासूबाई ते माझ्या हाती देत आणि नळावर पाणी भरायला निघून जात. पाणी भरून झालेलं असलं, तरीही.

लढाई संपल्यावर तो रजेवर आला. अख्खी चाळ भेटायला लोटली. माणसं पांगल्यावर मी चुलीपाशी गेले, तर सासूबाईंनी माझ्या हातातली परात ओढून घेतली.

"भाकरी मी टाकस. तू त्यानाजोडे बस."

मी जाऊन बसले. पत्रांतून इतकं बोललो होतो, पण समोरासमोर दोघांनाही काही सुचेना. शेवटी त्यानंच, नव्या पाहुणीला विचारावं तसं विचारलं, "तुला सुरत आवडली का?" आणि आम्ही दोघंही हसायला लागलो.

आता तो निवृत्त आहे. सुरतेजवळ इच्छापोरला एका कारखान्याच्या गेटवर पहाऱ्याची दिवसपाळी करतो आणि साडेसहाला घरी येतो. चहा घेताना कुठला ट्रक अडकला, कोण कुणाशी भांडलं, सगळं सांगतो. मुलगी मधेच गुजरातीत त्याची चेष्टा करते. मी भाजी निवडत ऐकत असते, आणि मला बरं वाटतं.