डाव्या करंगळीची चावी

पांढरकवड्याच्या एका बँडमध्ये नजीर पिकलो वाजवतो. दीड वितीची, बासरीहून उंच बोलणारी ही आडवी नळी. त्याचा जुना पिकलो लाकडी होता, वडिलांकडून आलेला. यंदाच्या उन्हाळ्यात त्याला उभी चीर गेली. बँडचे मालक शंकरसिंग यांनी नागपूरहून दुसरा, धातूचा आणला. लग्नसराई चालू होती.

एका नावाची वाद्ये एकसारखी असतात, हा ऐकणाऱ्यांचा समज. इथे फरक डाव्या करंगळीच्या चावीत होता. जुन्या पिकलोवर ती आपणहून उघडी राही. खालचे सूर काढताना करंगळीने दाबून बंद करावी लागे. नव्याची स्प्रिंग उलट होती: चावी एरवी बंद, दाबली की उघडणार. दोन्ही घडणींमागे विचार आहे. पहिलीत बोटे एकामागून एक एकाच दिशेने मिटत जातात. दुसरीत करंगळीला विसावा मिळतो. कोणती घडण घ्यावी हे कारखाना ठरवतो. मुरते मात्र ती वाजवणाऱ्याच्या शरीरात.

तालमीत खालचा सूर आला की नजीरची करंगळी दाबे, चावी उघडे आणि सूर फाटे.

“काहून नजीरभाई,” क्लॅरिनेटवाले बबनराव म्हणाले, “नवी बायको घरात आनली, अन् हाक जुनीच्याच नावानं मारून राह्यले?”

सगळे हसले. नजीरही हसला, कारण सगळे हसत होते.

शंकरसिंग हसले नाहीत. “रविवारच्या लग्नात पाहू. नाही जमलं तं झांजा घे. ड्रेस तोच राहीन.”

घरी तो ताटाच्या कडेवर बोटे चालवत बसे. त्याची बायको सुग्राबी म्हणाली, “अजी, जेवता का वाजवता? त्या बोटाले बांधून टाका एकदाचं.”

बोट बांधता येत नव्हते. नजीरने चावी बांधली. जाड दोऱ्याचे वेढे देऊन ती कायमची बंद केली. आता करंगळी हवी तितकी दाबो, काही उघडणार नव्हते. खालचे सूर स्वच्छ आले. फक्त त्या चावीतून निघणारा एक सूर वाद्यातून गेला.

रविवारी वरात नीट पार पडली. बिदाईच्या धुनेत मात्र तो गेलेला सूर लागणारच होता. नजीरने जुन्या सवयीने करंगळी उचलली. चावी हलली नाही. अर्धा सूर खालचा आवाज आला. मुलीची आई रडत होती, ती रडतच राहिली. बबनरावांनी मान वळवली नाही.

“जमलं की!” शंकरसिंग जवळ येऊन म्हणाले. “मी उगाच भेलो होतो.”

“एक सूर गेला, मालक.”

“कोनता?”

नजीरने गुणगुणून दाखवला.

“कोनाच्या बापाले समजते? राहू दे बांधलेली.”

नजीरची जागा राहिली. झांजा दुसऱ्या कुणाकडे गेल्या. आपल्याला आनंद व्हायला हवा, हे त्याला ठाऊक होते. तो वाट पाहत राहिला, आणि मग वाट पाहणेही थांबले. प्रत्येक बिदाईला करंगळी ठरल्या जागी उचलली जाई. पहिल्या काही लग्नांत तो खालचा सूर त्याच्या कानाला लागे. पुढे तोही लागेनासा झाला.